चार बोटं बाहेर

बाबांच्या हातून पिकअपची चावी मी काढून घेतली, ती पोलादपूरच्या स्टँडसमोर, चारचौघांत. त्यातलं खरं काय ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. निदान लिहून तरी ठेवतो.

मुंबईची नोकरी सोडून डोंगरातल्या आमच्या गावी, कुडपणला परतलो तेव्हा आमची जुनी पिकअप मला फारच गरीब दिसली. बाबा वर्षानुवर्षं तिच्यातून नाचणीची पोती, बाजारची माणसं, अडलेल्या बायका पोलादपूरला उतरवत आले होते. त्यांच्या शेजारी बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं गावात म्हणायचे. मला मात्र रुबाब हवा होता. मी रुंद, काळी, चकचकीत रिमं आणली. ती बसवल्यावर टायर मडगार्डच्या चार बोटं बाहेर आले. गाडी पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली आणि मी चहूबाजूंनी तिचे फोटो काढले.

पहिल्याच फेरीनंतर बाबा म्हणाले, "स्टेअरिंग जड लागतंय रे. खड्ड्यात हिसका मारतंय."

"नवीन हाय, सवय होईल," मी म्हणालो. शहाणा ना मी!

पंधराएक दिवसांनी उतारावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं, स्टेअरिंग त्यांच्या हातातून फिरलं आणि गाडी कठड्याला घासली. मागे बसलेल्या बायका किंचाळल्या, पण कुणाला खरचटलंही नाही. मी स्टँडवर वाट बघत होतो. चेपलेला पत्रा पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, हात थरथरतात तुमचे. वय झालं आता. चावी द्या इकडं."

त्या वेळी ते थरथरत होतेच. कुणाचेही थरथरले असते. बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि चावी दिली.

मग मी चालवायला लागलो. महिन्याभरात खांदे भरून यायला लागले, एका खड्ड्यात अंगठा मुरगळला. दोष मी रस्त्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी पुढच्या चाकाचं बेअरिंग गुरगुरायला लागलं तेव्हा महाडला मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने रिम काढून उलटी धरली. नटबोल्ट बसतात तो भाग रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"फाटक ढकललंय ना कधी?" तो म्हणाला. "बिजागरीजवळ ढकला, हलत नाय. टोकाला बोट लावा, फिरतं. तुम्ही चाक बाहेर काढून ते टोक खड्ड्याच्या हातात दिलंत. आधी कोण चालवायचं?"

"वडील."

"मग हात चांगला हाय त्यांचा. अशी गाडी घाटात सांभाळली म्हणजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनी रिमं घरी लाकडांच्या ढिगामागे पडली होती, ती दुसऱ्याच दिवशी बसवली. गाडी पुन्हा पहिल्यासारखी हलकी फिरायला लागली. "नव्या चाकांत हवाच ऱ्हात नाय," असं बाबांना सांगून मी चावी त्यांच्यापुढे धरली.

"नको रे," ते म्हणाले. "तूच चालव."

खरं सांगायला एकच वाक्य लागत होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. मी भित्रा आहे, दुसरं काय.

आता बाबा माझ्या शेजारी बसून येतात. पोलादपूरला चहाच्या टपरीवर ओळखीचं कुणी भेटलं की सांगतात, "पोरानं येळेवर चावी घेतली, नायतर माझ्या हातनं कुणाचा तरी जीव गेला असता." लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो, तर त्यांना तो माझा विनय वाटतो.

चहा सांडू नये म्हणून बाबा हल्ली कप दोन्ही हातांनी धरतात. मी दर वेळी निरखून बघतो. चहावर साधा तरंगही उठत नाही.