पामची रिकामी बालवाडी

पालघरला गाडीतून उतरले ती तडक गटविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले. आमच्या महिला मंडळाने खटपटी करून पाम गावात बालवाडी उघडली होती. ती ओस पडलीय, म्हणून सोमवारपासून खोली खताच्या पोत्यांना द्यायची, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"बाई, या लोकांना गोडीच नाही शिक्षणाची," साहेब म्हणाले.

म्हटलं, बघून तर येते!

बोईसरला एसटी चुकली. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललंय, तिकडे खडी नेणाऱ्या ट्रकवाल्याने "माताजी, आगे बैठो" म्हणून घेतलं. रस्ता काय छान! विजेसाठी कसा झाला बघा चटकन. आणि आम्ही पोरांसाठी चार भिंती मागितल्या, तर चपला झिजल्या.

पामला उतरले, तर माझी पिशवी बघून चिंचेखालची पोरं किंचाळत पळाली. देवी टोचणारी बाई आली, असं वाटलं त्यांना! पिशवीतले कुरमुऱ्याचे लाडू दाखवले, तेव्हा कुठे माघारी आली.

खोली झाडलेली, भिंतीवर चित्रं, आणि आत शिक्षिका सुमन एकटी. "पोरं रोज खिडकीशी येतात, पण आत येत नाहीत हो," ती रडकुंडीला आलेली.

खिडकीशी आठेक वर्षांची एक पोर उभी होती. कडेवर तान्हा भाऊ, परकराला धरून मधली बहीण.

"आत का गं नाही जात?"

"आमाला नाय घेत, बाय. मी मोठी हाय, हा लान हाय. हिला घेतात, पन ही मला सोडतच नाय."

"आणि आई?"

"गवत कापाया गेली."

घ्या! नियम तीन ते सहा वर्षांचा. नियम करणाऱ्यांच्या घरी पोरं काय एकेकटीच जन्मतात? सुमनवरही चिडले, पण ती बिचारी नियमाला बांधलेली.

दुपारी गावातल्या हिराबाय कोळणीने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढलं. सगळं ऐकून म्हणाली, "त्यात काय? आड्याला झोळ्या बांधा." आणि आपलं जुनं लुगडं घेऊन निघालीसुद्धा. रात्री तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी बघते तर तान्ही झोळ्यांत, थोरल्या दोरी ओढताहेत आणि मधली पोरं सुमनभोवती बसून गाणं म्हणताहेत! गवत कापणाऱ्या आया कामावर जाता जाता दारात थबकल्या.

शनिवारी हिराबाय आणि त्या तिघा भावंडांची आई, दोघींना घेऊन मी पुन्हा कचेरीत.

"नियमात तान्ही बसत नाहीत," साहेब म्हणाले.

"पोत्याचं वय नाय इचारत तुमी, साहेब?" हिराबाय म्हणाली.

कारकून खोकल्याचं निमित्त करून हसला. साहेब चिडले. "वर लिहावं लागेल!"

"लिवा ना मग. आमी बसतो." आणि दोघी खरंच फरशीवर बसल्या. त्या आईचा दिवसाचा रोज बुडत होता, तरी ती हलली नाही.

चहा आला, निवला. शेवटी साहेब कुरकुरले, "वरून उत्तर येईपर्यंत खोली राहू दे बालवाडीकडे."

परतीच्या गाडीत माझा जीव नुसता चडफडत होता. एवढ्याशा गोष्टीला एवढा खटाटोप! सरकारी उत्तर लवकर यावं म्हणून मी आजवर किती देव पाण्यात ठेवले असतील. या खेपेला मात्र हात जोडून मागितलं, देवा, तो कागद कुठल्याशा टेबलावर नीट पडून राहू दे. निदान ती मधली शाळेत जाईपर्यंत तरी.