चांदसाहेबाची डबी

पायगोंडा अण्णा मगदुमांना भावाच्या बंगल्याचा कधी हेवा वाटला नाही, की जावयाच्या गाडीचा. सगळा हेवा त्यांनी एकट्या चांदसाहेबासाठी राखून ठेवलेला. चांदसाहेब बागवान म्हणजे कोरेगावचा घेवड्याचा व्यापारी. चाळीस वर्षं त्याचा माल अण्णांच्या सांगलीच्या दुकानात उतरायचा, आणि "घेवडा द्या, पण चांदसाहेबाचाच" हे गिऱ्हाइकांचं पालुपद चाळीस वर्षं अण्णांनी दात आवळून ऐकलं. पुढं दोघांची हृदयंही एकाच वर्षी दमली. घ्या! आजारपणातसुद्धा हा मेला बरोबरीला.

विश्रामबागेतल्या एका हॉस्पिटलात अशा दमलेल्या हृदयांसाठी नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा दोघांनीही नावं दिली. "हृदयाच्या स्नायूत शिरून त्याला आकुंचनाचं बळ देणारा नवा रेणू आहे हा," तिथली नर्स शिवांजली समजावून सांगायची. नेहमीच्या औषधांच्या जोडीला सकाळी एक गोळी, रात्री एक. पण गंमत अशी, की निम्म्या लोकांच्या डबीत खरं औषध आणि निम्म्यांच्या डबीत हुबेहूब तसलीच साधी गोळी. कुणाला कुठली, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.

हे काही अण्णांच्या गळी उतरेना. पोत्यात काय आहे ते देणाऱ्यालाच ठाऊक नाही, असा बाजार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

महिन्यातून एकदा दोघांना एकाच दिवशी बोलावणं असायचं. चांदसाहेब कोरेगावहून रेल्वेनं यायचा. मग हॉस्पिटलच्या लांबलचक बोळात सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या आणि शिवांजली मीटर मोजणार. पहिल्यांदा दोघं सारखेच, दोनशे चाळीस. तिसऱ्या महिन्यात चांदसाहेब तीनशे दहावर गेला. अण्णा दोनशे तीसवर, तेही वाटेत दोनदा भिंतीला टेकून.

"खरी गोळी त्याला लागली," घरी येऊन अण्णा बायकोपुढं कडाडले. "मला खडू दिलाय, गुणमाला, खडू!"

"त्यास्नी बरं वाटलं, त्यात तुमचं काय गेलं?"

"माझी गोळी गेली की!"

"आवं, पण रातच्या गोळीचं तुमी..."

"तू गप ऱ्हा."

गुणमालाकाकी गप्प राहिल्या. पण त्यांचं गप्प राहणं म्हणजे झाकण ठेवलेलं दूध.

चौथ्या खेपेला त्याही हॉस्पिटलात आल्या, मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसल्या. अण्णा चांदसाहेबाच्या कानाशी लागले.

"एक मागू का रं?"

"माग की, अण्णा."

"तुझ्या नावची डबी मला दे. माझी तू घे."

"एवढंच व्हय?" चांदसाहेब खदखदून हसला. "घे की गड्या! आज नवी मिळंल ती बी घे."

अण्णांचा पुढं झालेला हात तिथंच थांबला. घेवड्याच्या भावात चाळीस वर्षांत आठ आणे न सोडलेला माणूस, आणि जीव वाचवणारी डबी अशी हसत देतोय? म्हणजे ह्याला कळलंय. खडू ह्याच्याच डबीत, खरा माल माझ्याकडं!

"नगं, ऱ्हाऊ दे." अण्णांनी आपली डबी छातीशी धरली.

"आता मागितलीस न्हवं?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

इतक्यात शिवांजली उरलेल्या गोळ्या मोजायला आली. अण्णांची डबी अगदी हिशेबात निघाली. तशी काकींनी पिशवीतून हळदीचा जुना डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"पोरी, ह्या बी मोज."

अडुसष्ट गोळ्या. अण्णा जैन, चातुर्मास लागल्यापासून सूर्य मावळला की ते पाण्याचा थेंबही घेत नसत. रात्रीची गोळी हळदीच्या डब्यात, आणि हॉस्पिटलनं दिलेल्या डायरीत मात्र रोज बरोबरची खूण!

"काका, हे का केलंत?"

"सांगितलं असतं तर मला काढलं असतं. माझी जागा दुसऱ्याला गेली असती."

शिवांजली डबा घेऊन आत गेली. ती दहा मिनिटं अण्णांना सहा मिनिटांच्या चालण्याहून जड गेली. कपाळावर घाम फुटला. चांदसाहेबानं आपला पंचा त्यांच्या हातात दिला.

"राहा म्हणाल्यात डॉक्टर मॅडम," शिवांजली बाहेर येऊन म्हणाली. "पण झालेलं सगळं वर कळवावं लागणार. आणि सकाळी सातला, संध्याकाळी सहाला घ्या, उजेडातच. तासाभराच्या फरकाला हरकत नाही. पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं! पुन्हा एक जरी लपवलीत, तर मात्र बंद."

"खडू खडू म्हणून बोंबलत हुतास," चांदसाहेब म्हणाला, "आरं, तू तर खडू बी धड खाल्ला न्हाईस!"

काकींनी तोंडाला पदर लावला.

पुढच्या महिन्यात अण्णा चालले ते दोनशे सत्तर मीटर, भिंतीला बोटही न लावता. चांदसाहेबानं सगळा बोळ ऐकेल अशा टाळ्या वाजवल्या. मग स्वतः तीनशे पंचवीस चालून दाखवले आणि रेल्वे गाठायला निघून गेला.

घरी आल्यावर, उजेड होता तोवर, काकींनी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आता झालं न्हवं समाधान? लागली की तुमास्नी बी खरी गोळी."

अण्णांनी गोळी गिळली, वर दोन घोट पाणी घेतलं.

"माझी बी खरीच असंल," ते म्हणाले. "पण त्याची जरा जास्त खरी हाय."