चादरींच्या गाडीतलं बिऱ्हाड

गाडी विकायची, हे काकूंनी ठरवलं. ती विकली जाऊ द्यायची नाही, हे काकांनी ठरवलं, पण मनातल्या मनात. इतकी वर्षं संसार केल्यावर कोणता निर्णय मोठ्यानं बोलायचा आणि कोणता गिळून टाकायचा, एवढं त्यांना कळत होतं.

गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या लाँड्रीची गाडी चालवली. सकाळी इस्पितळांतल्या मळक्या चादरी गोळा करायच्या आणि दुपारी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, अजून कोमट असलेल्या चादरींचे गठ्ठे पोचवायचे. थंडीत त्या गठ्ठ्यांनीच गाडी ऊबदार व्हायची, हीटरची गरज लागत नसे. काका निवृत्त झाले त्याच सुमारास लाँड्रीनं ती गाडीही बाद केली. लोक निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. काका गाडी घेऊन आले.

काकू दारात उभ्या होत्या. "ही कुठं ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"अंगणात. आणि आपण हिच्यात राहणार. पाहिजे तिथं, पाहिजे तितके दिवस."

काकूंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी शिवणाचा खडू घेऊन गाडीत चढल्या. त्या कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होत्या, घट्ट झालेलं सैल आणि सैल झालेलं घट्ट करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गाडीच्या रिकाम्या पत्र्यावर त्यांनी कापडावर आखावं तसं सगळं घर आखलं. इथं पलंग, इथं ओटा, इथं बसायचं बाक, बाकाच्या पोटात पाण्याची टाकी. त्यांनी आखलं तसं काकांनी कापलं आणि ठोकलं. एकदाच त्यांनी स्वतःचं डोकं चालवून कपाट हातभर रुंद केलं, तेव्हा पलंगावर पाय लांब करता येईनात. ते कपाट काकूंनी त्यांना गुपचूप पुन्हा कापू दिलं, आणि पुढं त्यावरून वर्षानुवर्षं टोमणे मारले. गाडीचं नाव पडलं बिऱ्हाड.

मग बिऱ्हाड फिरलं. तळ्यांच्या काठानं, समुद्राकाठच्या वाऱ्यात, डोंगरातल्या वळणांवर. मुक्कामाच्या ठिकाणी काका चाकांखाली फळ्या सारत आणि काकू ओट्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून आतून ओरडत, "अजून थोडं पुढं. आता थोडं मागं. बास." वाटीतलं पाणी काठाशी सारखं आलं की गाडी सपाट उभी आहे असं समजायचं, नाहीतर झोपेत दोघंही एकाच कडेला घरंगळायचे. सकाळी काकू उघड्या दारात बसून चहा प्यायच्या, पाय बाजूच्या दाराखालच्या सरकत्या पायरीवर सोडून. त्या पायरीवरून त्यांनी जितकं जग पाहिलं, तितकं घरच्या खिडकीतून दोन जन्मांत दिसलं नसतं. काकांना ते सगळं हल्ली रोजच आठवायचं.

घात केला तो त्या पायरीनंच. काकूंचे गुडघे गेले आणि पायरी उंच झाली. काकांनी खाली एक स्टूल ठेवलं, दाराला हातभर लांब मूठ बसवली, मग उतरती फळी करून पाहिली. शेवटच्या खेपेला काकू अर्ध्या चढल्या आणि तिथंच अडकल्या, वरही जाता येईना, खालीही उतरता येईना. आधी दोघं हसले. मग काकू हसायच्या थांबल्या. त्यानंतर बिऱ्हाड अंगणातच उभं राहिलं.

"तुम्ही जा ना एकटे," काकू म्हणाल्या.

काका एकदा गेले, हमरस्त्यापर्यंत आणि परत. नुसतं इंजिन सुरू करून बंद केलं तर फायदा नाही, बॅटरीही धड भरत नाही, म्हणून गाडी अधूनमधून नीट तापेपर्यंत चालवायला हवी, हे खरंच होतं. पण निघण्याआधी सवयीनं ते गाडीभोवती फिरून मागच्या बाजूला गेले आणि तिथं उभेच राहिले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण वाट पाहतोय. एकट्यानं लांब जायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

काकूंना गाडी अंगणात कुजताना बघवेना. आपल्या गुडघ्यांपायी ती उभी आहे, हे त्यांना रोज खिडकीतून दिसायचं. त्यांनीच पुठ्ठ्यावर 'विकणे आहे' असं ठळक लिहिलं आणि काकांना काचेला लावायला दिलं. काकांनी ते लावलं आणि उन्हाचा पडदा बरोबर त्यावरून ओढला. काकूंनी पडदा काढून घेतला.

गिऱ्हाइकं येऊ लागली. काकांनी एकालाही नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त सल्ले दिले, आणि सगळे अगदी खरे.

पहिला आला तो एक विमा एजंट. टायर पाहून खूश झाला, नक्षी अजून खोल होती. "नक्षीवर जाऊ नका," काका म्हणाले. "गाडी उभी राहिली की रबर वयानं मरतं. बाजूला बारीक भेगा पडतात, त्या वाकून बघाव्या लागतात. आणि एकाच जागी फार दिवस ठेवली तर टायर खालून बसतात. तुम्हाला कंबरेचा त्रास नाही ना?" एजंटाला होता.

दोन मित्र आले, फोटो काढत हिंडणारे. त्यांना काकांनी छताची कथा सांगितली. छताचे सांधे दर मोसमाआधी वर चढून तपासायचे, कुठं सांध्यांतली लांबी, म्हणजे पुट्टी, सुटली असेल तर खरवडून नवी भरायची, कारण पाणी आत येतं एकीकडून आणि दिसतं भलतीकडेच. भिंत बोटानं दाबून बघायची, मऊ लागली तर समजायचं की आतलं लाकूड गेलं. मग जेवणाच्या वेळेस शोभणार नाही अशा सविस्तरपणे त्यांनी संडासाची टाकी सांगितली. तिचा कॉक उघडा टाकून ठेवला तर पाणी तेवढं वाहून जातं आणि बाकीचं आत वाळत बसतं, मग ते कसं काढायचं, तेही सांगितलं. मित्रांनी चहा अर्धा टाकला.

बेकरीवाला जरा चिवट निघाला. त्याच्यासाठी काकांनी उंदीर काढले. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि तारा कुरतडतात. खरं तर बिऱ्हाडात उंदीर एकदाच शिरला होता आणि काकूंनी त्याला चपलेनं हाकललं होतं, पण ते सांगायची गरज काकांना वाटली नाही.

बेकरीवाला गेल्यावर काकू खुर्चीतून म्हणाल्या, "तुम्ही सल्ले देत नाही. तुम्ही दगड मारता."

"काय खोटं बोललो?"

"काही नाही. सगळं खरंच सांगितलंत. फक्त एक सोडून. ते कुणालाच नाही सांगितलंत."

काकांनी उगाच बॉनेट पुसायला घेतलं. कशाबद्दल बोलणं चाललंय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती गोष्ट पहिल्या प्रवासातली. तळ्याकाठी मुक्काम होता आणि सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही. कपडे वाळत घालायची दोरी गाडीच्या मागच्या शिडीपासून एका झाडापर्यंत बांधली होती. दोरी काकूंनी सोडली असेल असं काकांना वाटलं, काकांनी सोडली असेल असं काकूंना. विचारणार कोण, दोघांनी तोंडं फिरवलेली. गाडी निघाली, झाडाकडची गाठ सुटली, आणि जवळच्या शहराच्या भर बाजारातून बिऱ्हाड काकांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या आणि काकूंचे दोन गाऊन फरपटत नेत राहिलं. लोक हात करत होते. काकांना वाटलं, काय प्रेमळ गाव आहे, तेही हात करत होते.

त्या दिवशी नियम झाला. निघण्याआधी दोघांनीही खाली उतरायचं. गाडीच्या पुढून एकानं डावीकडून निघायचं, दुसऱ्यानं उजवीकडून. पायरी, गॅसचं सिलिंडर, खिडक्या, छताचं झाकण, पाण्याचा पाइप, सगळं बघत मागं यायचं. मागच्या दाराशी भेटायचं. एकानं विचारायचं, "झालं?" दुसऱ्यानं म्हणायचं, "झालं." मग पुढं निघून एकमेकांची बाजू तपासायची, म्हणजे प्रत्येक वस्तूवरून चार डोळे फिरतात. भांडण असलं तरी मागच्या दाराशी समोरासमोर यावंच लागायचं. कितीदा तरी ते अबोला धरून पुढून निघाले आणि मागं भेटल्यावर आधी एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. अबोला घेऊन बिऱ्हाड कधीच निघालं नाही. काकांना हा नियम परक्या माणसाच्या हातात द्यायचा नव्हता. टायर द्यावेत, इंजिन द्यावं, पण हे कसं द्यायचं?

चौथ्या खेपेला जोडपं आलं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला, ती लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका. या वेळी काकूंनी खुर्ची गाडीशेजारीच मांडून घेतली होती, त्यामुळे काकांना उंदीर काढता आले नाहीत. तरी त्यांनी बाकीचं सगळं काढलं. शिक्षिकेनं एकेक ऐकून घेतलं, आणि समजलं नाही तिथं बोट वर केलं.

"फ्रिज बंद ठेवायचा असेल तर?"

"दार फटीएवढं उघडं ठेवायचं. नाहीतर आत बुरशी धरते."

"आणि पाण्याची टाकी?"

"गाडी उभी करायची असेल तर सगळं पाणी काढून टाकायचं. पाइपमधलंसुद्धा. थंडीत गोठलं तर पाइप फुटतात, आणि गोठलं नाही तरी वास येतोच."

"गॅस गळतोय हे कसं कळतं?"

"सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले की कळतं. आणि चालत्या गाडीत सिलिंडर कायम बंद." काका थोडं थांबले. "जड सामान खाली ठेवायचं, दोन्ही बाजूंना सारखं. सगळी भांडी एकीकडे आणि सगळी पुस्तकं वरच्या कपाटात, असं केलंत तर वळणावर पुस्तकं डोक्यात पडतील."

"याची पडायलाच हवीत," नवऱ्याकडे बघत ती म्हणाली. सकाळी रस्ता चुकल्यावरून त्यांचं काहीतरी वाजलं होतं, हे आल्या आल्याच दिसत होतं.

काकूंनी त्यांना आणखी एक चहा दिला आणि व्यवहार ठरवूनही टाकला. काका त्या वेळी छतावर होते.

गाडी न्यायला दोघं आले त्या सकाळी काका गाडीच्या आत-बाहेर करत होते. त्यांनी ओट्यावरची वाटी काढून घेतली होती, मग पुन्हा आत जाऊन जागेवर ठेवली. पलंगावरच्या पडद्याला काकूंनी घातलेली टीप हातानं चाचपली. शेवटी किल्ली दिली आणि बाजूला झाले. जोडपं गाडीत बसलं. आजही दोघांत काहीतरी बिनसलं होतं, ती आपल्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि तो आपल्या. इंजिन सुरू झालं.

पायरी बाहेरच होती.

काकांना ती दिसली. फाटकाच्या खांबाला आपटून ती मुळासकट उपटली गेली असती, आणि गाडी पुन्हा अंगणात आली असती, निदान काही दिवस. काकांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग त्यांनी पुढं होऊन बॉनेटवर थाप मारली.

"उतरा," ते म्हणाले. "दोघंही."

दोघं गोंधळून उतरली. काकांनी पायरीकडे बोट केलं. "तू आत घेतली असशील असं मला वाटलं," तो बायकोला म्हणाला. "मला वाटलं, तू," ती म्हणाली.

"आता सांगा," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

काकांनी सांगितलं. दोरी, बाजार, चड्ड्या, सगळं. पुढून दोन बाजूंना निघायचं आणि मागच्या दाराशी भेटायचं, हेही सांगितलं.

"दाखवा ना," शिक्षिका म्हणाली.

काका दाखवणार कसं, त्याला दोन माणसं लागतात. ते तसं म्हणणार तोच काकूंनी काठी घेतली आणि खुर्चीतून उठल्या. "मी उजवीकडून," त्या म्हणाल्या. "माझी बाजू तीच."

काका डावीकडून निघाले. पायरी आत सरकवली, सिलिंडरचं झाकण दाबून पाहिलं, खिडक्या पाहिल्या, आणि मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. पलीकडून काठीचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मग एखादं झाकण उघडल्या-लावल्याचा आवाज यायचा. काकू काहीही सोडत नव्हत्या. काकांना वाटलं, हा आवाज असाच येत राहावा आणि आपण असंच थांबावं. मग काकू कोपऱ्यावरून वळल्या, घामाघूम.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या दंडाला धरून जरा टेकल्या. "आता त्यांना करू दे."

जोडपं पुढून निघालं, तो डावीकडून, ती उजवीकडून, एकमेकांकडे न बघता. काका आणि काकू पुढच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्या दोघांची पावलं मागच्या दाराशी पोचलेली ऐकू आली. मग काहीच ऐकू येईना. झालं, असं म्हणायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गेला.

"काही अडलं की काय," काका म्हणाले आणि बघायला निघाले.

काकूंनी त्यांची बाही धरली. "असू दे," त्या म्हणाल्या. "भेटू दे त्यांना."

काका थांबले.