बोका बारीक झाला

मी शाळेत पीटी शिकवतो. शाळा देवळाली कॅम्पच्या बाजूला आहे. सकाळी गळ्यात शिट्टी घालून घरातून निघतो आणि दुपारी तीच शिट्टी गळ्यात घेऊन परत येतो. बायको म्हणायची, निदान घरात शिरताना तरी ती काढून ठेवत जा. मी हसण्यावारी न्यायचो. ती गंमत करत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

घरात आम्ही दोघं आणि एक बोका. मुलीने कॉलेजात असताना ओढणीत गुंडाळून आणलेलं ते पिल्लू. ती लग्न होऊन गेली आणि बोका आमच्याकडे राहिला. पांढरा, पाठीवर पिवळे डाग. नसबंदी झाल्यापासून जो सुटत गेला, तो सुटतच गेला. सोफ्यावर तो पसरला की माणसाने दुसरी जागा बघायची. बायको त्याला दूध-पोळी कुस्करून घालायची आणि चहाच्या वेळी बिस्किटाचा तुकडाही द्यायची.

लस द्यायला नेलं तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "वजन फार वाढलंय याचं. हळूहळू उतरवा, आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायला आणा." यातलं 'वजन उतरवा' एवढंच मी ऐकलं. त्याच दिवसापासून बोक्याचा कारभार हातात घेतला. दूध बंद, बिस्किट बंद, कोरडं खाणं वाटीने मोजून. संध्याकाळी सुतळीच्या टोकाला कापडाचा बोळा बांधून त्याला जिन्यावरून गच्चीपर्यंत पळवायचो. शेजारी दार उघडून बघायचे, आणि ते बघतात याचं मला बरं वाटायचं.

आणि बोका खरंच उतरायला लागला.

तो आनंद काय सांगू. शाळेतली पोरं वर्षभर पळवूनही जिथल्या तिथे असतात. इथे पोट आत गेलं, मान दिसायला लागली. मी त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहायचो आणि आकड्यातून माझं वजन वजा करायचो. काटा खालीच जात होता. त्यात तो पाणीही भरपूर पिऊ लागला. स्वतःचं भांडं संपवून बाथरूमच्या बादलीत तोंड घालायचा, कुंडीखालच्या ताटलीतलं चाटायचा. मे महिना होता, आणि नाशिकची थंड हवा आता फक्त जुन्या लोकांच्या बोलण्यात उरलीये. मी बायकोला म्हणालो, "बघ, व्यायाम सुरू झाला की शरीर आपोआप पाणी मागतं."

ती बादली झाकायला उठली. मी तिच्याशी असं मास्तरी सुरात बोलायला लागलो की ती हातात काहीतरी काम घ्यायची.

बायकोला शुगर आहे. हे वाक्य मी आजवर किती लोकांना ऐकवलं असेल, याचा हिशेब नाही. बारशाला, साखरपुड्याला, मिठाईच्या दुकानात, तिच्या माहेरी येवल्याला. "तिला वाढू नका, तिला शुगर आहे." मला वाटायचं, ही काळजी आहे. तिच्या आईलाही शुगर होती. आई पैठणीच्या मागावर बसायची. पुढे पुढे मागाखालची पायाने दाबायची पट्टी तळव्याला लागतेय की नाही, हेच तिला कळेनासं झालं. तेव्हा बायकोला या दुखण्याची भीती मी घालायची काही गरज नव्हती. ती भीती तिने माहेरूनच आणली होती.

बुद्ध पौर्णिमेला कॉलनीतल्या विहारात वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या. तिने एक वाटी घेतली. अर्धीच भरलेली होती, हे मला आता आठवतं. तेव्हा फक्त वाटी दिसली. मी पुरुषांच्या रांगेतून मोठ्याने म्हणालो, "अगं, त्या बोक्याकडून तरी शीक जरा. मुकं जनावर, पण तोंडावर ताबा आहे."

लोक हसले. मी विनोद करतो तेव्हा लोक हसतातच, मास्तर आहे म्हणून. तिने वाटी शेजारच्या बाईच्या लहान मुलीला दिली आणि पदराने हात पुसले. हात ओले नव्हते.

त्याच आठवड्यात मी आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर बोक्याचे दोन फोटो टाकले. एकात पूर्वीचा ढोल्या, दुसऱ्यात आताचा. खाली लिहिलं : 'मनावर घेतलं तर काय होत नाही!' अंगठ्यांवर अंगठे आले. एकाने लिहिलं, 'सर, आमच्या मंडळींनाही तुमच्याकडे पाठवू का?' मी तो मेसेज बायकोला वाचून दाखवला. ती तेव्हा भाकरी थापत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका सकाळी ती बाथरूमच्या दारातून म्हणाली, "अहो, इकडे या जरा. बोक्याच्या ट्रेला मुंग्या लागल्यात."

बोका ज्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवी करतो, त्याकडे मोरीतून मुंग्यांची रांग लागली होती. वाळूचे ओले गोळे पूर्वी लिंबाएवढे असायचे, आता बटाट्याएवढे झाले होते. ट्रे तीच साफ करायची. मी फक्त वजन करायचो.

"साखरेचा डबा उघडा ठेवला असशील," मी म्हणालो.

"साखर स्वयंपाकघरात आहे. मुंग्या इथं आल्यात." तिने ट्रे बाजूला ओढला. "दिवसभर खायला मागतो आणि वाळतच चाललाय. पाण्याचं भांडं पुरत नाही. मागचे पाय बघितलेत का? टाचा टेकवून चालतो. आईचंही पायांपासूनच सुरू झालं होतं. त्याला माझंच झालंय."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की कुठल्याही शहाण्या माणसाने तिथल्या तिथे बोक्याला उचलून दवाखाना गाठला असता. मी म्हणालो, "तुला सगळीकडे साखरच दिसते. पाय दुखत असतील. रोज जिना चढतो, पोरांचेही दुखतात सुरुवातीला."

संध्याकाळी येताना मुंग्यांची पावडर आणली आणि ट्रेभोवती टाकली. बोक्याच्या पायाला लागेल म्हणून तिने ती लगेच पुसून काढली. त्यावरूनही मी बोललो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामाच होता, पण मी आपला चाबूक वाजवत होतो.

एवढं होऊनही दिसायचं ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. बोका खिडकीत उडी मारायचा बंद झाला होता. आधी खुर्चीवर, मग खिडकीत, असं करायला लागला. नंतर तेही सोडलं. अंगावरचे केस झाडूसारखे राठ झाले. माझ्या ताटातली पोळी त्याने पळवली तेव्हा मी त्याला चापट मारली. भुकेने मरायला टेकलेल्या जिवाला मी शिस्त लावत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर काही दिवसांनी मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. शेजारच्या ताई म्हणाल्या, "वहिनी बोक्याला घेऊन रिक्षाने गेल्या. भाजीच्या टोपलीत घातला होता त्याला. मान टाकली होती हो त्याने."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बोका टेबलावर पडला होता आणि त्याच्या पायाला सलाइन लावलेलं होतं. बायको त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. डॉक्टर सांगत होत्या, "शुगर खूप वाढलीये. मांजरं घाबरली की इथे आकडा थोडा वाढतो, म्हणून लघवीही तपासली. तिच्यातही साखर आहे. मधुमेहच आहे हा. आधीच वजन जास्त होतं, ते एक कारण. पण हे एका दिवसाचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती दिवसांपासून बारीक होतोय? लक्षात नाही आलं का कुणाच्या?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडे दिवस झाले."

ती मला झाकत होती. ते माझ्याच्याने सहन झालं नाही. म्हणालो, "लक्षात आलं होतं. मला वाटलं, मी बारीक करतोय."

"मधले काही फोटो आहेत? किती झपाट्याने उतरलाय ते कळेल."

फोटो होते. मी गॅलरीत शोधायला लागलो, पण पटकन सापडले ते ग्रुपवरचेच. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला. दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. मग त्यांची नजर खाली गेली, मी लिहिलेल्या ओळीवर. त्यांनी ती वाचली हे मला दिसलं. मोबाइल परत देऊन त्या सलाइनकडे वळल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दोन दिवस तो तिथेच होता. वाचेल की नाही, हे डॉक्टर नक्की सांगत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्याने मान उचलून ओलं खाणं चाटलं, तेव्हा म्हणाल्या, "घरी न्या. पण रोज दोन्ही वेळा खाणं झालं की इन्सुलिन द्यावं लागेल, अगदी थोडं. खाल्लं नाही तर मला फोन करायचा, मनाने द्यायचं नाही. वेळ पाळली तर पायही सुधारतील. सुई कोण देईल घरी?"

"मी," बायको म्हणाली.

"सवय आहे?"

"मी घेतेच की रोज. पोटाला."

पोटाला. मला ते माहीत नव्हतं. तिचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं, लिंबांच्या शेजारी, हे माहीत होतं. ती ते कुठे टोचते, केव्हा टोचते, दुखतं का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. का पाहिलं नव्हतं, तेही तिथेच उभ्या उभ्या आठवलं. तिला पहिल्यांदा इन्सुलिन लिहून दिलं त्या दिवशी मी म्हणालो होतो, "तोंडावर ताबा असता तर सुईची वेळ आली नसती." त्यानंतर ती जेवणाआधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊ लागली. दाराला आतून कडी आहे. मला वाटायचं, फोडणीचा धूर बाहेर येऊ नये म्हणून लावते.

घरी आल्यावर संध्याकाळी तिने बोक्याला खाऊ घातलं, हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून त्याला जवळ घेतलं, पाठीवरची कातडी चिमटीत उचलली आणि सुई दिली. त्याने कानसुद्धा हलवला नाही. त्याला गोंजारत ती म्हणाली, "झालं रे राजा. तुझी काही चूक नाही त्यात. असतं एखाद्याला."

मग हात धुऊन, फ्रिजमधून स्वतःचं घेऊन ती आत गेली. दार लोटलं, कडी लागली. मी बोक्याशेजारी बसून होतो. पंखा चालू होता तरी ती कडी मला ऐकू आली.

ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं की बोक्याला मधुमेह आहे, तो बारीक होत होता तो आजाराने, आणि ओळखलं ते बायकोने; मी तिला वेड्यात काढलं होतं. कुणी हात जोडले, कुणी कारल्याचा रस सुचवला. ते मी तिला दाखवलं. तिने वाचलं आणि "बरं" म्हणाली.

बोका सावरला. महिना-दीड महिन्याने टाचा उचलून चालू लागला आणि एका दुपारी थेट खिडकीत जाऊन बसला. सुई द्यायला मीही शिकलो. परवा बायको भावाकडे येवल्याला गेली होती, तेव्हा दोन्ही वेळा मीच दिली. देताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुझी काही चूक नाही रे त्यात." बोक्याला हे म्हणायला मला क्षणही लागला नाही. इतकी वर्षं झाली, तिला मी हे एकदाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीने ती आली. मी भात लावून ठेवला होता. तिने पाय धुतले, बोक्याची चौकशी केली आणि जेवणाआधी सवयीप्रमाणे फ्रिज उघडला. मी दिवसभर मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, "इथेच बस ना. इथेच घे."

ती थांबली. इन्सुलिन हातात तसंच होतं.

"तुमच्यासमोर?" तिने विचारलं.

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. काहीतरी नवीनच कानावर आल्यासारखं तिने विचारलं. मी मान हलवली. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग बोक्याकडे, आणि म्हणाली, "नको. तुम्ही ताटं घ्या."

आणि ती आत गेली, आणि कडी लागली.