दोन निनावी चौकटी

"सगळं ठीक आहे" हे शब्द जीवराम भाऊंना सहन होत नसत. त्याला कारणही तसंच होतं.

भाऊ फैजपूरचे. दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये कामाला असताना डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या थोरल्या भावाला, रुपचंदला, बाजूला घेऊन सांगितलं. रुपचंदने घरी सांगितलं, फरक पडेल. मग कितीतरी महिने भाऊंच्या पत्नी पुष्पावहिनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत राहिल्या आणि भाऊ रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून उजेडाची वाट बघत राहिले. खरं काय ते त्यांना एका लग्नाच्या पंगतीत कळलं, मागे बसलेल्या कुणा बाईच्या तोंडून. ते पानावरून उठले. त्यानंतर धीर देणाऱ्या माणसावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही.

मुंबईच्या एका संस्थेत ते कॉम्प्युटर शिकून आले. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी कानांनी असा आत्मसात केला, की त्याचा भरधाव आवाज आम्हाला नुसती किरकिर वाटे आणि त्यांना मजकूर. नव्व्याण्णव साली ते जळगावात आमच्या कंपनीत आले. मी नरडाण्याचा लोटन, तिथे प्रोग्रामर होतो. अमेरिकेतल्या एका गावच्या वाचनालयाची वेबसाइट आम्ही करत होतो आणि अंध वाचकांनाही ती वापरता आली पाहिजे, ही वाचनालयाची अट होती. भाऊ हेडफोन लावून पानं ऐकायचे आणि कुठे अडतं ते सांगायचे.

पानं वाढत गेली. एका माणसाने किती ऐकायची? म्हणून मालक अभिमन सरांच्या सांगण्यावरून मी एक तपासणी प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक पानाचा कोड वाचायचा आणि कुठल्या चित्राला वर्णन नाही, लिहायच्या कुठल्या चौकटीला तिच्यात काय भरायचं हे सांगणारं नाव कोडमध्ये नाही, ते दाखवायचा.

हे कळल्यावर भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले. मी खोलीत आलो की हेडफोन काढून कान देऊन बसत. सर फोनवर हळू बोलले, तर विचारत, "कोणाचा फोन होता?" एकदा मी सहज आमच्या अहिराणीत म्हटलं, "बठ्ठं ठीक शे, भाऊ." सगळं ठीक आहे, हे ऐकताच ते एकदम उसळले.

"मले नको सांगू ठीक शे! माह्या जागेवर मशीन बसवू राह्यले तुम्ही."

त्यातच माझ्या प्रोग्रामने पुस्तकं शोधायचं पान चुकीचं ठरवलं. त्या पानावर लिहायच्या दोन चौकटी होत्या आणि दोन्हींना नाव नव्हतं. हे पान भाऊंनी कधीच पास केलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एक पुस्तक शोधून दाखवलं.

"सापडलं ना? मग चूक कुठे आहे? मला खोटं पाडायला तू मशीनला शिकवून ठेवलंस."

मी कोड वाचून दाखवला. त्यांना तो पटेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. संस्थेत त्यांच्याबरोबर शिकलेल्या झुंबरबाई धुळ्याला टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्याही अंध. "तिला मी बोलावतो. पण त्याआधी तिच्याशी कोणी एक शब्द बोलायचा नाही."

रविवारी झुंबरबाई एसटीने आल्या. त्यांना आणायला स्टँडवर भाऊ स्वतः गेले, रिक्षावाल्याला घेऊन. आमच्यापैकी कुणाला बरोबर घेतलं नाही. ऑफिसात आल्यावरही त्यांनी आधी विचारलं, "लोटनने तुला काही कळवलं होतं का?"

"लोटन कोण?" बाई म्हणाल्या.

त्यांनी हेडफोन लावला. पहिल्या चौकटीत लेखकाचं नाव लिहिलं. काहीच सापडलं नाही. पुन्हा लिहिलं. मग हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "भाऊ, कशात काय लिहायचं?"

"पहिल्यात पुस्तकाचं नाव, दुसऱ्यात लेखकाचं."

"हे तुम्हाला कुठे ऐकू आलं? मला तर दोन्हीकडे नुसतं 'एडिट', म्हणजे 'इथे लिहा', एवढंच ऐकू येतंय."

भाऊंनी हेडफोन घेतला. एकदा ऐकलं, मागे जाऊन परत ऐकलं. पहिल्या दिवशी त्यांनी चाचपडत केव्हातरी शोधून काढलं होतं, की कुठल्या चौकटीत काय जातं. मग ते पान इतक्या वेळा उघडलं, की चौकट मुकी आहे हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं.

"मी ऐकत नव्हतो," ते पुटपुटले. "मला पाठ झालं होतं."

झुंबरबाईंनी चहा मागितला.

त्या आठवड्यात मी चौकटींना नावं दिली. भाऊंचा संशय मात्र गेला नाही. आता तो त्यांनी माझ्या प्रोग्रामवर सोडला. मुद्दाम बिघडवलेली पानं माझ्याकडून करून घ्यायचे आणि मशीनला सापडतंय का बघायचे. एका पानावर आम्ही प्रत्येक चित्राचं वर्णन म्हणून नुसतं "चित्र" एवढंच लिहिलं. प्रोग्रामने ते पान बिनचूक ठरवलं. त्या दिवशी मी भाऊंना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

वाचनालयाचं काम संपत आलं तेव्हा ते सरांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"अभिमनभाऊ, एक विचारतो. मशीन आल्यावर मला काढायचं तुमच्या मनात होतं का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मान वळवली.

"होतं," सर म्हणाले. "त्या रविवारपर्यंत होतं. आता नाही. चौकटीला नाव नाही हे मशीनने सांगितलं, पण माणूस तिथे अडतो हे ऐकणाऱ्यानेच दाखवलं. नवीन पानं झुंबरबाईंनी आधी ऐकावीत, मग तुम्ही, असं म्हणतोय. त्यांनाही विचारलंय."

भाऊंनी खुर्ची चाचपून ओढली आणि बसले.

"बरं झालं सरळ सांगितलं," ते म्हणाले. "ती काय म्हणाली?"