सान हुआनमधलं उपवासाचं केळं

माझ्या विहीणबाईंनी हॉटेलच्या ब्रेकफास्टला, सगळ्यांदेखत, माझ्या लेकीचं बाळंतपण परस्पर ठरवून टाकलं.

"पहिलं असलं म्हणून काय झालं? आमच्याकडे मेडनहेडलाच करू," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे घरभर तळणाचा वास. तान्ह्या जिवाला कसा सोसायचा?"

लेक खाली मान घालून टोस्टला बटर लावत राहिली. जावई फोनमध्ये. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा माझ्या नवऱ्याला घाम फुटतो. पण तो खोलीवर झोपला होता, व्याहीही झोपले होते.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या माझ्या घराला तळणाचा वास येतो, हे खरंच आहे. त्याच तळणावर मी ते घर घेतलं, लेकीला शिकवलं आणि तिचं लग्न लावलं. नवऱ्याच्या व्हिसावर पुण्याहून आले तेव्हा एका पबच्या किचनमध्ये लागले. मग आयटीतल्या पोरांचे डबे सुरू केले. आता माझं स्वतःचं केटरिंग युनिट आहे. पण लग्नाच्या हॉलमध्ये विहीणबाईंनी आपल्या मैत्रिणींना माझी ओळख करून दिली ती अशी: "या पूर्वी पबमध्ये भांडी घासायच्या हं, आता छान बस्तान बसवलंय." मैत्रिणी हसल्या. त्या हसण्याचा हिशोब माझ्याकडे बाकी होता.

बाळ यायच्या आधी दोन्ही घरांनी एकत्र फिरून यावं, ही जावयाची कल्पना. म्हणून आम्ही पोर्टो रिकोला आलो होतो, आणि त्या दिवशी सान हुआनच्या जुन्या शहरात पायी फिरत खायची टूर त्याने बुक केली होती. नेमकी संकष्टी निघाली. होणाऱ्या नातवंडासाठी विहीणबाईंनी चतुर्थ्या धरल्या होत्या. चंद्रोदय इथला धरायचा की मेडनहेडचा, हे त्यांनी पुण्याच्या बहिणीला फोन करून विचारलं. बहीण म्हणाली, जिथे पोट तिथला चंद्र.

माझा नवरा आणि व्याही ऊन नको म्हणून हॉटेलवरच राहिले. गाइड म्हणजे एक गोड बोलणारा टकला माणूस. गल्ल्यांमधले दगड निळसर, घरं पिवळी-गुलाबी, आणि ऊन असं की सावलीसुद्धा तापलेली. पहिल्या ठिकाणी बाकीच्यांना मटणाचे गोळे मिळाले आणि विहीणबाईंना, उपवास म्हणून, नुसती कॉफी. मी गाइडला धरलं. एका माणसाचं खाणं वाचलंय तर त्याबदली काय देतोस? तो हसून टाळायला लागला. मी जागची हलले नाही. शेवटी आमच्या टेबलावर पपईच्या साध्या, गोड फोडींची ताटली आली.

"तुम्ही म्हणजे ना," विहीणबाई म्हणाल्या, "अगदी मंडईत बसल्यासारख्या." आणि पपई खाल्ली.

दुसरं ठिकाण किल्ल्याच्या तटाजवळचं, चार टेबलांचं. इथे मोफोंगो करतात. भाजीच्या केळ्यासारखी मोठी हिरवी केळी तळायची आणि लाकडी खलबत्त्यात लसूण नि डुकराच्या कुरकुरीत कातडीबरोबर कुटायची. गाइडने हे सांगितलं तेव्हा विहीणबाईंनी 'केळं' एवढंच ऐकलं.

"कच्चं केळं उपवासाला चालतं की! त्याला सांगा, लसूण नको, ते दुसरंही नको. नुसतं केळं आणि मीठ."

गाइडने मान डोलावली. त्यांच्यासाठी वेगळा खलबत्ता आला. स्वच्छ, पांढरट, वर काहीही नाही. टेबलावर ठेवताक्षणी मला वास आला. पबमध्ये मी याच चरबीत बटाटे तळले आहेत. कढई पालथी घालून तीनदा घासली तरी तो वास जात नाही, आणि नाकातून तर आयुष्यात जात नाही. केळं डुकराच्या चरबीत तळलं होतं. गाइडला ते सांगायचं सुचलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी चरबी म्हणजे तेलच.

मी तोंड उघडलं असतं तर एक घास वाचला असता. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"किती खमंग हो!" विहीणबाई म्हणाल्या. "तुपात तळलंय वाटतं. तुम्ही का नाही शिकत असं काही? सारखे आपले ते बटाटेवडे."

त्यांनी खलबत्ता बोटाने पुसून खाल्ला. लेक टॉयलेटला गेली होती, जावई बाहेर तटाचे फोटो काढत होता. मी खुर्ची जवळ ओढली.

"विहीणबाई, ते तूप नाही. डुकराची चरबी आहे."

त्या हसल्या. माझ्याकडे बघितल्यावर त्यांचं हसू राहिलं नाही. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं. "बाळासाठी धरली होती हो मी," त्या म्हणाल्या. "त्याला काही झालं तर?"

"माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. "लेकीला नाही, व्याह्यांना नाही, पुण्याच्या बहिणीला तर नाहीच. बाळंतपण वॉटफर्डला."

"अहो, तुम्ही माणूस आहात का?"

"मी मंडईतली आहे. बोला."

त्या रुमालात रडत राहिल्या. मला दया आली नाही. आपल्याला हसणाऱ्या माणसालाही रडताना बघून वाईट वाटतं असं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. गार वाटलं.

"न्या," त्या शेवटी म्हणाल्या. "न्या तिला. तीन महिने न्या, सहा न्या. पण ह्यांना सांगू नका."

"ठरलं," मी म्हटलं, आणि सवयीने हात पुढे केला.

"मम्मा."

लेक मागेच उभी होती. इंग्लंडमध्येच जन्मलेली पोर. आम्ही भरभर बोललो की तिला मराठी कळत नाही, असा आम्हा दोघींचा समज.

"तुला स्मेल आला होता? त्यांनी खाल्ला त्याच्या आधी?"

धंद्यात मी खोटं बोलत नाही. "आला होता."

"आणि तू बसून बघितला." मग ती सासूकडे वळली. "आणि आई, तुम्ही मला देऊन टाकला? सिक्स मंथ्स? तुमचा सीक्रेट ठेवायला?"

"अगं, तसं नव्हे गं, मी घाबरले..." विहीणबाई उठायला लागल्या.

"नो. दोघी बसा." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला तोड काढता आली असती; चढलेल्या आवाजाशी घासाघीस करता येते. "मी कुठेच नाही येणार. आमच्या फ्लॅटमध्ये राहणार. तुमच्यातला कोणी नाही पाहिजे. मी मिडवाइफला विचारेन जे विचारायचं ते."

"बाळाची मालिश कोण करणार? शेक कोण देणार?" मी विचारलं. "मिडवाइफ?"

"मी बोलून झाला, मम्मा."

ती बाहेर जावयापाशी गेली. गाइड पुढच्या ठिकाणी आइस्क्रीम आहे म्हणून सगळ्यांना बोलवत होता.

तिने शब्द पाळला. तो हट्ट तिच्यात माझ्याकडूनच आलाय, म्हणून तो मोडणार नाही हे मला माहीत होतं. बाळ झाल्यावर फक्त रविवारी दुपारी आम्हाला त्यांच्या फ्लॅटवर यायची परवानगी होती, दोघींना एकाच वेळी. मी आणि विहीणबाई एकाच सोफ्यावर बसायचो, मध्ये उशी. बाळंतपणाबद्दल मला अजूनही वाटतं की हक्क माझा होता आणि तो मी मिळवलाही होता. चूक एवढीच झाली की टॉयलेटचं दार वाजलं ते मी ऐकलं नाही.

पहिल्या रविवारी बाळाच्या अंघोळीची वेळ झाली. लेक व्हिडिओत बघून शिकली होती. कोमट पाणी, प्लास्टिकचा टब. नातीचं डोकं ती चुकीचं धरत होती, मान लटकत होती. मी उठले, बांगड्या काढल्या, किचनच्या सिंकवर हात कोपरापर्यंत धुतले आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"थँक्स, मम्मा," ती म्हणाली, आणि पायाने दार लोटून घेतलं.