मागचं बघायला बाबा

माझ्या मानेचा पहिला मणका जन्मापासूनच कवटीला चिकटलेला आहे. हे कळलं कॉलेजात असताना, शिंकलं की हातात झिणझिण्या यायला लागल्या तेव्हा. त्याआधी सगळे मला आखडू समजत. कोणी हाक मारली की मी मान न वळवता अख्खीच्या अख्खी वळते, त्याला मी काय करू! मान जराशी तिरकीही आहे, म्हणून फोटो काढणारे अजूनही म्हणतात, “मॅडम, गर्दन थोडी सीधी.” मी म्हणते, “भिया, तुम कॅमेरा तिरछा कर लो.”

पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा स्कूटरनेच जायचं मी ठरवलं. डॉक्टरांची हरकत नव्हती. मणका स्थिर आहे, मानेला झटका बसू देऊ नका, आरसे मोठे लावा, एवढंच ते म्हणाले. हरकत होती बाबांची. मागून येणारं हिला दिसणार कसं? रुजू व्हायला अवकाश होता. तोवर रोज संध्याकाळी त्यांना मागे बसवून सराव करायचा, आणि ते पास म्हणाले तरच एकटीने जायचं, अशी अट पडली. नाहीतर जन्मभर रिक्षा. दात-ओठ खात मी कबूल झाले.

रेल्वेतून रिटायर झालेले बाबा गार्डच्या थाटात मागे बसत. “रुक! ऑटो येऊन राहिलाय!” “हां, आता चल!” “अगं रुक, ठेला!” राजवाड्यापाशी तर ते हात पसरून अख्खी रहदारी थांबवायचे. शेजारचा स्कूटरवाला हसून म्हणाला, “अंकल, हॉर्न निकलवा दो, आप काफी हो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा, आरशात दिसतंय मला!”

“आरशाचा काय भरोसा?”

एका संध्याकाळी सियागंजच्या बाजारातून साखर, चहा घेऊन निघालो. सामान लादलेले ट्रक, हातगाड्या, नुसती खेचाखेच. उजवीकडे वळायचं होतं.

“बाबा, मागे काय आहे?”

उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी गप्प. शेवटी आरशात पाहिलं, खांद्यासकट थोडी वळले, ट्रक जाऊ दिला आणि गाडी काढली. घरी पोचेपर्यंत माझा पारा चढला होता.

“झोपला होतात का? काही झालं असतं तर?”

“झोपतोय कशाला!” पिशवी सांभाळत बाबा उतरले. “ट्रक तू माझ्याआधी पाहिलास. कितीतरी दिवस झाले, मी मागे बघतच नाहीये, नुसता सवयीने ओरडतो; आज तेही सोडलं. पास आहेस तू.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

बाबा पिशवीची गाठ उगाचच सोडत बसले. “बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू एकटीच निघून गेली असतीस.”

भांडायचं खूप मनात होतं, पण मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“उद्या तयार राहा,” मी म्हटलं. “आणि आता नुसत्या गप्पा मारायच्या.”